चारशे त्रेसष्ट सासरे

माझ्या सासऱ्यांची सदतीस वर्षांची नोकरी मी एका मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता पुसून टाकली. पुसायला तीन सेकंद लागले. त्यात "तुमची खात्री आहे ना?" असं कॉम्प्युटरने विचारलं, तो वेळही धरला आहे. मी "हो" म्हटलं. माझी प्रत्येक बाबतीत खात्री असते. मी याला स्वभाव म्हणतो, बायको आजार म्हणते.

सासरे पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि मोठे साहेब म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर काही लोक बागेला पाणी घालतात. यांनी जन्मभर शहराला पाणी घातलं असल्यामुळे बागेत त्यांचं मन रमेना. त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. अकरा वह्या भरल्या. अक्षर पाइपलाइनीसारखं सरळ, आणि मजकूर म्हणजे कोणत्या वर्षी कोणत्या टाकीला कुठे तडा गेला, कोणत्या साहेबाने तो बघितला आणि कोणत्या साहेबाने बघूनही बघितला नाही. एकदा जेवताना बायको म्हणाली, की हे कुणीतरी टाइप केलं तर बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला पुस्तक काढता येईल. मी म्हणालो, त्यात काय, मी करतो. माणसाने तोंडात घास असताना आश्वासनं देऊ नयेत. घास गिळला जातो, आश्वासन घशात अडकतं.

मी विमा कंपनीत दावे विभागाचा उपप्रमुख आहे. टायपिंगचं काम मी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत करत असे. अगदी खरं सांगायचं, तर सुट्टीच्या आधीचा थोडा वेळ आणि नंतरचा बराच वेळ, असं मिळून. दोन वर्षं चाललं. फोल्डरला मी 'पाणीपुरवठा – जुनी प्रकरणे' असं भारदस्त नाव दिलं होतं. जाता-येता ते नाव वाचून लोकांना वाटे, नळ फुटून घरात पाणी शिरल्याचे जुने दावे हा माणूस एकटा उपसतोय. एकदोघांनी तर माझं उदाहरण नव्या लोकांना दिलं. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. दुसऱ्याच्या मनातला आपल्याविषयीचा आदर मोडणं मला पटत नाही.

एकेक वही टाइप झाली, की मी ती रद्दीत देत असे. कपाटात जागा नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला मला अजून थोडा धीर गोळा करावा लागेल.

तर त्या मंगळवारी ऑफिसात परिपत्रक आलं. कॉम्प्युटरमधली जागा भरत आली आहे, तरी प्रत्येक विभागाने अनावश्यक फाइली काढून टाकाव्यात, आणि या कामासाठी एक 'स्वच्छता समन्वयक' नेमावा. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढू शकणारा आमच्या विभागात मी एकटाच, त्यामुळे तो मान माझ्याकडे आला. समन्वयकाने सुरुवात स्वतःपासून करावी, या उदात्त विचाराने मी माझा कॉम्प्युटर उघडला. त्यात एकाच नावाचे दोन फोल्डर दिसले: एक 'पाणीपुरवठा – जुनी प्रकरणे' आणि दुसरा तसाच, पण पुढे 'प्रत' असं लिहिलेला. दोन सारख्या गोष्टी असल्या की एक जास्तीची, हे उघड आहे. मी एक काढला. मग चहा प्यायलो. परत येऊन बघतो तर एकच फोल्डर, आणि त्यावर लिहिलंय 'प्रत'. प्रत म्हणजेच जास्तीची. मी तोही काढला. मग कॉम्प्युटरची कचरापेटी रिकामी केली, हात झटकले आणि इतरांना स्वच्छतेचं महत्त्व सांगायला गेलो. त्या भाषणाच्या मध्यावर कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मूळही गेलं आणि प्रतही.

छापखानेवाल्याला सोमवारी फाइल हवी होती. बायको शाळेत गणित शिकवते. तिने मुद्रितं तपासायला रविवार राखून ठेवला होता आणि लाल पेन नवं आणलं होतं. हॉल ठरला होता. खात्यातले हयात असलेले सगळे साहेब येणार होते. माझ्या हातात पाच दिवस होते, आणि त्या हातांचं कर्तृत्व तर तुम्ही पाहिलंतच.

घरी मी काही बोललो नाही. फक्त समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना विश्वासात घेतलं. हे काका निवृत्त ऑडिटर आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीतलं कळतं अशी त्यांची धारणा आहे. त्यांनी डोळे मिटून माझं सगळं ऐकलं आणि सांगितलं, की पुसलेली फाइल चोरासारखी असते. ती लगेच घराबाहेर जात नाही, कोपऱ्यात दडून बसते. आपण हालचाल केली की पळते. म्हणून कॉम्प्युटर अजिबात सुरू करू नका, वायर काढून ठेवा, त्याला विश्रांती द्या. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या बहिणीचे सहलीचे फोटो असेच गेले होते आणि तिने त्यांचा विचार करणं सोडल्यावर आपोआप परत आले. मी दोन्ही उपाय एकदम केले. वायर काढली आणि विचार करणं सोडायचा प्रयत्न केला. वायर निघाली.

पण दावे विभागाचा उपप्रमुख वायर काढलेल्या कॉम्प्युटरसमोर हात बांधून किती वेळ बसणार? विचारणाऱ्यांना मी सांगितलं, की आतून जळल्यासारखा वास येतोय. ऑफिसात एरवी एक दिवा बदलायला महिना लागतो. या वेळी वीजतंत्री अर्ध्या तासात हजर झाला. त्याने सगळीकडे नाक लावून वास हुंगला. माझ्या कॉम्प्युटरला काही येत नाही म्हणाला, पण आलाच आहे तर म्हणून छताचे पंखे तपासले आणि दोन पंखे धोकादायक ठरवून काढून नेले. त्या दिवसापासून विभागातली चौदा माणसं घाम पुसत माझ्याकडे बघू लागली. तो वास नेमका कसा होता, हे मला दिवसातून तीनदा सांगावं लागे. दर वेळी मी थोडं वेगळं सांगत असे.

बुधवारी संध्याकाळी मी बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराचा चेहरा शस्त्रक्रियेनंतर बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखा होता. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, किती वाजता पुसलं, पुसल्यावर काय काय केलं, घरात कुणाला सांगितलंय का, असं सगळं हळुवारपणे विचारून घेतलं. मग अशा केसेसमध्ये काय काय होऊ शकतं ते अर्धा तास समजावलं. मी डोळे टिपायच्या बेतात असताना त्याने विचारलं, कॉम्प्युटर घरचा की ऑफिसचा? मी ऑफिसचा म्हणालो. तो म्हणाला, मग तुमच्याकडे रोजचा बॅकअप असेल ना. आपोआप होत असतो. जा आणि मागा.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, तुम्ही इतकं मनापासून ऐकत होतात.

आमच्या ऑफिसात सिस्टीम विभाग तळघरात आहे, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत प्रथम कळलं. तिथे एसी इतका जोरात असतो, की त्या विभागाच्या बाई बाराही महिने स्वेटर घालून बसतात. त्यांच्याभोवती लोखंडी कपाटांत हिरवे दिवे लुकलुकत होते. मी घसा खाकरून झालेला प्रकार सांगितला. म्हणजे झालेल्या प्रकारातला सांगण्यासारखा भाग सांगितला. बाईंनी विणकामातली सुई बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "फाइल कुठे जात नाही हो. रोज संध्याकाळी सात वाजता सगळ्या कॉम्प्युटरांची प्रत इथे येते. तुम्ही पुसली ती तुमच्याकडची. इथली कोण पुसणार?"

मला त्या माउलीच्या पाया पडावंसं वाटलं. पण तिने तोवर अर्ज क्रमांक सतरा पुढे केला होता.

अर्ज तीन प्रतींत भरायचा होता. त्यात एक रकाना होता, 'फाइलचे कार्यालयीन महत्त्व'. सासऱ्यांच्या आठवणींचं विमा कंपनीच्या दृष्टीने महत्त्व काय, यावर मी जिन्यात उभा राहून वीस मिनिटं विचार केला आणि लिहिलं: 'जलवाहिनी फुटून झालेल्या नुकसानीच्या दाव्यांची ऐतिहासिक पार्श्वभूमी.' वाक्य मला इतकं आवडलं, की दोनदा वाचून काढलं. त्याखाली 'कोणती प्रत हवी: शेवटची / संपूर्ण' असं होतं. अर्धवट फाइल घेऊन मी काय करू? मी 'संपूर्ण'वर खूण केली. माणूस एवढ्याशा खुणेने मरतो.

अर्जावर विभागप्रमुखाची सही लागते. आमचे प्रमुख रजेवर होते आणि कार्यभार शेजारच्या विभागाच्या प्रमुखाकडे होता. हे प्रभारी साहेब आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो. ते वर गेले, मी उपवर राहिलो, म्हणजे उपप्रमुखपदावर. त्यांनी माझा अर्ज चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला. म्हणाले, हे फार मोलाचं दिसतंय. वरच्या ऑफिसने कालच पाणी शिरल्याच्या दाव्यांवर टिपण मागवलंय. तुम्ही दोन वर्षं यावर काम करताय आणि बोलला नाहीत? मी विनयाने मान खाली घातली. त्यांनी सही केली आणि वर लाल शाईत लिहिलं, 'तातडीचे. विभागाच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकावे, सर्वांनी अभ्यासावे.'

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण काय सांगणार होतो? खरं सांगितलं असतं तर अर्ज खोटा ठरला असता, आणि अर्ज मागे घेतला असता तर सासरे गेले असते, म्हणजे लिखित स्वरूपातले. मी तोंड मिटलं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात पाय ठेवला तेव्हा पंखे नसूनही विभागात एक वेगळीच गार शांतता होती. चौदाच्या चौदा माणसं आपापल्या पडद्यात तोंड घालून बसली होती. इतकं एकाग्र काम मी आमच्या विभागात वर्षअखेरीलाही पाहिलेलं नाही. मी वायर जोडून माझा कॉम्प्युटर उघडला आणि 'संपूर्ण' या शब्दाचा अर्थ मला कळला. दोन वर्षांत ज्या ज्या दिवशी मी फाइलीला हात लावला, त्या प्रत्येक दिवसाची स्वतंत्र प्रत यंत्राने ठेवली होती. तारीखवार. चारशे त्रेसष्ट प्रती. माणसाला एक सासरा सांभाळताना नाकी नऊ येतात. माझ्यापुढे चारशे त्रेसष्ट रांगेत उभे होते. आणि बाईंनी मदत व्हावी म्हणून सोबत एक यादी जोडली होती: आदल्या दिवशीच्या प्रतीतून काय काढलं ते लाल अक्षरांत, काय घातलं ते हिरव्या.

आता ते दुसरं कारण सांगतो.

सासऱ्यांच्या सातव्या वहीत 'माझे जावई' असं दीड पानाचं प्रकरण होतं. त्यात लिहिलं होतं: 'मुलीने माणूस पसंत केला, मी हरकत घेतली नाही. जावई म्हणजे गळका नळ. मोठे नुकसान नाही, पण आवाज सतत. दुरुस्त करायला गेले तर सगळी जोडणीच काढावी लागेल, म्हणून तसेच ठेवले.' पहिल्या दिवशी मी हे जसंच्या तसं टाइप केलं. मी प्रामाणिक माणूस आहे. दुसऱ्या दिवशी 'गळका' हा शब्द काढला. तेव्हा 'जावई म्हणजे नळ' असं राहिलं आणि त्याला काही अर्थ लागेना. तिसऱ्या दिवशी नळाचं पाणी केलं, चौथ्या दिवशी पाण्याचा झरा. आठवड्याभरात 'मोठे नुकसान नाही' याचं 'मोठाच आधार' झालं. महिन्याभरात दीड पानाचं प्रकरण सहा पानांचं झालं आणि त्यात मी मितभाषी, दूरदृष्टीचा आणि अडीअडचणीला धावणारा निघालो. आठव्या वहीत मोठ्या पुरात बंधाऱ्याला तडा गेल्याची हकीकत होती, तिथे मी 'या वेळी जावयांनी सुचवलेला उपाय कामी आला' हे एक वाक्य हिरव्या अक्षरांत घातलं होतं. म्हणजे तेव्हा ते हिरवं नव्हतं. त्या पुराच्या वर्षी मी सहावीत होतो, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. माझ्या विभागातल्या टायपिस्ट बाईंच्या लक्षात आली.

मला दिवसभरात चार जणांनी पाणी हवंय का, म्हणून विचारलं. शिपायाने तांब्या ठेवताना तो गळत नाही ना, हे वाकून बघितलं. दुपारनंतर मला कळलं, की मागच्या टेबलांवर माझं नाव 'झरा' पडलं आहे. हे मी सहन केलं. हसणाऱ्या लोकांचा मला राग येत नाही. त्यांच्या पदोन्नतीचे गोपनीय अहवाल मीच लिहितो.

चार वाजता प्रभारी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, हा माणूस आता मनसोक्त हसणार, बावीस वर्षांचं व्याज वसूल करणार. त्यांनी मेमो पुढे ठेवला: कार्यालयीन यंत्रावर खाजगी लेखन केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा. मी तो घेतला. मग ते म्हणाले, "मी सकाळपासून वाचतोय. सोडवलं नाही. पण एक विचारू? ते व्हॉल्व्हमनचं प्रकरण शेवटच्या प्रतीत नाही. ते कुणी काढलं?"

मी काढलं होतं. ते नवव्या वहीत होतं. तरुणपणी सासऱ्यांनी एकदा वरच्यांना खूश करायच्या घाईत फोनवरून हुकूम दिला, की मुख्य व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघड. व्हॉल्व्हमनने दोनदा सांगितलं, की साहेब, हळूहळू उघडायला लागेल, जुनी लाइन आहे. यांनी ऐकलं नाही. लाइन फुटली, चाळीस घरांत पाणी शिरलं. चौकशीत व्हॉल्व्हमनने आपल्या मनाने उघडला असं ठरलं. फोनवरच्या हुकुमाला कागद नसतो. त्याची नोकरी गेली. सासरे गप्प बसले आणि पुढच्या वर्षी त्यांना बढती मिळाली. पंधरा पानं होती. मी एका दुपारी ती काढून टाकली. ऐंशीव्या वाढदिवसाला मोठमोठे साहेब येणार, त्यांच्यापुढे घरची अब्रू कशाला उघडी टाका, असा मी विचार केला. सासऱ्यांवर उपकारच करतोय, असं वाटून मी त्या दिवशी स्वतःवर खूश होतो.

प्रभारी साहेबांना मी म्हणालो, जागा कमी पडत होती. त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले आणि मला जायला सांगितलं. ते हसले असते तर मला फार बरं झालं असतं.

शनिवारी मी शेवटची प्रत घरी न्यायची ठरवली. सिस्टीमच्या बाईंनी ती छोट्या पेन ड्राइव्हवर दिली, पण बाई व्यवस्थित, त्यांनी सगळ्याच दिल्या. निवडून एक द्यायची तर वेगळा अर्ज लागतो म्हणाल्या. मी रविवारी लवकर उठून बाकीच्या पुसून टाकणार होतो. पण बायको गणिताची. ती माझ्याआधी उठली, पेन ड्राइव्ह लावला, आणि कुठलीही यादी पहिल्यापासून तपासायची असते म्हणून पहिली प्रत उघडून बसली. मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो तेव्हा तिच्यासमोर लाल-हिरवी यादी होती आणि नव्या लाल पेनाचं टोपण उघडलेलं होतं.

गळक्या नळाला ती हसली. खोटं कशाला बोलू, बराच वेळ हसली. झऱ्याला तर तिने डोळे पुसले. पुराच्या वाक्यापाशी तिने नुसतं समासात 'सहावी' असं लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. मला वाटलं, निभावलं. मग ती पंधरा पानांपाशी आली. ती तिने वाचली, परत वाचली, आणि पेनाला टोपण लावलं.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, म्हणूनच मी ते काढलं.

"बाबांनी सांगायचं ठरवलं होतं आणि तुम्ही त्यांचं तोंड धरलंत. न विचारता." तिचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला की मला काय करायचं ते माहीत आहे, मी बाजारात जातो. "चप्पल घाला. आपण आत्ता त्यांच्याकडे जातोय."

सासरे आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांच्या घरात एकही नळ ठिबकत नाही. ते खिडकीपाशी पेपरच्या घड्या घालत बसले होते. बायकोने मला पुढे ढकललं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, पुसलेल्या फाइलीपासून पंधरा पानांपर्यंत. मध्ये मध्ये मी स्वतःच्या बाजूने बोलायचा प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी बायको खोकली.

सासऱ्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. विचारलं, "माझ्या वह्या कुठे आहेत?"

मी म्हणालो, रद्दीत.

"अकराही?"

अकराही.

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मी आयुष्यात पुष्कळांची बोलणी खाल्ली आहेत. ऑफिसात, घरी, रांगेत. पण ज्याला बोलायचा पूर्ण अधिकार आहे तो माणूस बोलत नाही, तेव्हा उभं राहायला जमीन पुरत नाही, हे त्या दिवशी समजलं. शेवटी ते म्हणाले, "जावईबापू, मला ते एकच प्रकरण लिहायचं होतं. एकदम लिहायला धीर होईना, म्हणून आधी आठ वह्या लिहिल्या. आणि ते लिहून झाल्यावर लगेच थांबलो असतो तर सगळ्यांच्या लक्षात आलं असतं, म्हणून पुढे दोन लिहिल्या." मग त्यांनी हात पुढे केला. "ते यंत्रातून काढलेलं काय आहे ते इकडे द्या. आता पुढचं मी बघतो."

मी पेन ड्राइव्ह त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, हा उघडतो कुठून?

पुढचा महिना छापखानेवाल्याशी सासरे आणि बायको हेच बोलत होते. मला मुद्रितं दाखवली नाहीत, मीही मागितली नाहीत. पहिला आठवडा मी मेमोचा खुलासा लिहिण्यात गुंतलो होतो. तो चार पानी झाला, आणि त्याचे मसुदेही तळघरात रोज संध्याकाळी सात वाजता जमा होणार, याची जाणीव असल्यामुळे आयुष्यात प्रथमच मी एखादी गोष्ट पहिल्या प्रयत्नात खरी लिहिली. शिक्षा म्हणून मला समन्वयकपदावरून दूर करण्यात आलं. पंखे मात्र परत आले नाहीत.

वाढदिवसाला हॉल भरला. निवृत्त साहेब पहिल्या दोन रांगांत, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत बसले होते. पहिल्या रांगेच्या मधोमध एका खुर्चीवर मनगटापर्यंत बटणं लावलेला, पांढऱ्या सदऱ्यातला एक कृश म्हातारा होता. नोकरी गेल्यावर त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं आणि त्यावर तीन मुलं वाढवली होती. सासरे आणि बायको त्याच्या घरी तीन वेळा गेले होते. पहिल्या दोन वेळा त्याने दार उघडलं नव्हतं.

पुस्तकं वाटली गेली. मी उभ्याउभ्या चाळलं आणि सातव्या वहीच्या प्रकरणापाशी माझा हात थांबला. डाव्या पानांवर सासऱ्यांचा मूळ मजकूर होता. उजव्या पानांवर माझा, झऱ्यापासून पुरापर्यंत, एक शब्द न वगळता. वर सासऱ्यांची तळटिपेपेक्षा लहान टीप होती: 'डावीकडे मी पाहिलेले जावई, उजवीकडे त्यांनी पाहिलेले. दोन्ही खात्रीचे आहेत.'

सासऱ्यांनी भाषण केलं नाही. ते उभे राहिले, चष्मा लावला आणि ती पंधरा पानं वाचू लागले. साहेबांच्या रांगेत चुळबुळ झाली. एकाने खोकून पाहिलं, एक जण फोन आल्यासारखा बाहेर गेला. सासरे वाचत राहिले. ते 'गुरुवारी सकाळी मी फोनवरून हुकूम दिला' या वाक्यापाशी आले, तेव्हा तो म्हातारा खुर्चीचा हात धरून उभा राहिला.

"साहेब, गुरुवार नव्हता. शुक्रवार होता. गुरुवारी माझी सुट्टी असायची."

सासऱ्यांनी पुस्तक खाली केलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, आपल्या प्रतीत 'गुरु' खोडून 'शुक्र' लिहिलं, आणि म्हणाले, "ज्यांच्या हातात पुस्तक आहे त्यांनी दुरुस्त करून घ्या. पान एकशे ब्याऐंशी." मग शंभरएक माणसं आपापले खिसे चाचपू लागली, पेनं या रांगेतून त्या रांगेत फिरू लागली, आणि आयुष्यात कधी कुणाच्या सांगण्यावरून काही न बदललेले ते मोठमोठे साहेब गुडघ्यावर पुस्तक ठेवून वार दुरुस्त करत बसले. सगळे लिहून झाल्याची खात्री केल्यावरच म्हातारा खाली बसला. सासऱ्यांनी पुढे वाचायला सुरुवात केली, पण दोन ओळींनंतर पुस्तक माझ्या बायकोपुढे धरलं. राहिलेलं तिने वाचलं.

कार्यक्रम संपल्यावर मी खुर्च्या सरळ करायच्या निमित्ताने कोपऱ्यात गेलो होतो. तो म्हातारा पुस्तक उघडं धरून, पानांत बोट घालून हळूहळू चालत माझ्याकडे आला. माझ्याकडे पाहिलं, पुस्तकात पाहिलं.

"जावई तुम्हीच ना?"

मी हो म्हणालो.

त्याने दोन्ही पानं माझ्यापुढे धरली आणि अगदी मनापासून, कसलीही चेष्टा न करता विचारलं, "डावीकडचे, की उजवीकडचे?"

मी त्यांना म्हणालो, आपण बसा, मी चहा आणतो. चहाच्या टेबलापाशी गेलो, तर माझ्यापुढे बारा माणसं रांगेत उभी होती. ती बघून मला मनापासून बरं वाटलं.